राज्य विद्यापीठाचा कायदा: मागणीपासून पहिल्या परीक्षेपर्यंतचा क्रम

जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ मंजूर झाल्याची बातमी छापून येते, अभिनंदनाचे फलक लागतात आणि दोन वर्षांनी तीच मंडळी विद्यापीठाचे काय झाले म्हणून विचारू लागतात. तेव्हा मंजूर झालेली असते ती बहुधा एखादी अभ्यास समिती, किंवा फार तर तत्त्वतः मान्यता. विद्यापीठ अस्तित्वात येते ते कायद्याच्या मजकुराने आणि तो मजकूर अंमलात आल्याच्या दिनांकापासून. त्याआधीच्या घोषणा, भूमिपूजने आणि शासन निर्णय यांपैकी कशानेही पदवी देण्याचा अधिकार निर्माण होत नाही.

विद्यापीठासाठी झटणाऱ्या कृती समित्या, प्राचार्यांच्या संघटना, आमदारांच्या कार्यालयात काम करणारे सहायक आणि उपकेंद्रांतले अधिकारी यांच्यासाठी हा क्रम लिहिला आहे. उदाहरणे महाराष्ट्रातली आहेत. खासगी, अभिमत आणि केंद्रीय विद्यापीठांचे मार्ग वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

टप्पा १: आधी मार्ग ठरवा

विद्यापीठाची निगम (कायद्याने निर्माण झालेली स्वतंत्र संस्था) म्हणून स्थापना करण्याचा विधिमंडळाचा अधिकार संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीच्या नोंद ३२ मधून येतो. शिक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, नोंद २५ मध्ये गेला. उच्च शिक्षणातील दर्जांचे समन्वयन आणि निश्चिती मात्र संघ सूचीच्या नोंद ६६ खाली केंद्राकडे आहे. या तीन नोंदी एकत्र वाचल्याशिवाय मसुद्याला हात घालू नये. विद्यापीठ उभे करणे राज्याच्या हाती असले, तरी त्याचा दर्जा काय असावा हे राज्य एकट्याने ठरवू शकत नाही.

प्रत्यक्षात तीन मार्ग संभवतात.

पहिला मार्ग स्वतंत्र अधिनियमाचा. विद्यापीठाचा विषय किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी असेल, तर हाच मार्ग योग्य. रिद्धपूरचे मराठी भाषा विद्यापीठ स्वतंत्र अधिनियमाने झाले. २०१४ च्या एकाच अधिनियमातून महाराष्ट्रातील तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठांची तरतूद झाली.

दुसरा मार्ग अस्तित्वात असलेल्या सर्वसाधारण कायद्याखालील अधिसूचनेचा. १ मार्च २०१७ पासून लागू असलेला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा पारंपरिक, संलग्नता देणाऱ्या विद्यापीठांचा समान कायदा आहे. त्याआधीच्या १९९४ च्या कायद्याच्या काळात, २७ सप्टेंबर २०११ रोजी, नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे वेगळे काढून गोंडवाना विद्यापीठ अधिसूचनेने स्थापन झाले. जिल्ह्यापुरते संलग्नता देणारे विद्यापीठ हवे असणाऱ्यांनी नवा कायदा मागण्याआधी २०१६ च्या अधिनियमाचे कलम ३ आणि अनुसूची अद्ययावत दुरुस्त्यांसह वाचावी. अधिसूचनेची पूर्वअट काय आणि सभागृहांपुढे काय ठेवावे लागते, हे त्या कलमातच पाहायचे असते; कोणाच्या आठवणीवर विसंबून चालत नाही.

तिसरा मार्ग चालू अधिनियमाच्या दुरुस्तीचा. कलम ३ मध्ये बसत नाही, पण पूर्ण वेगळा कायदाही लागत नाही, अशा मधल्या प्रकरणांना तो उपयोगी पडतो.

*तपासा:* मागणीच्या निवेदनात पहिल्याच परिच्छेदात मार्गाचे नाव लिहिले आहे का? “स्वतंत्र विद्यापीठ द्यावे” एवढेच लिहिलेले निवेदन मंत्रालयातून जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिप्रायासाठी जाते आणि तिथेच राहते.

टप्पा २: नस्ती (फाइल) योग्य विभागात उघडा

पारंपरिक विद्यापीठाचा विषय उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा. कृषी विद्यापीठांचा कायदा १९८३ चा असून तो विषय कृषी विभागाकडे आहे. आरोग्यशास्त्रांच्या विद्यापीठाचा विषय वैद्यकीय शिक्षणाकडे. विद्यापीठ कोणत्याही विषयाचे असले तरी निवेदन उच्च शिक्षण मंत्र्यांना देण्याची रीत पडली आहे आणि त्यात महिने जातात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रस्ताव थेट विद्यापीठ अनुदान आयोगाकडे पाठवणे. राज्य विद्यापीठ स्थापन करण्यासाठी आयोगाची पूर्वपरवानगी लागत नाही. १९५६ च्या आयोगाच्या कायद्यातील कलम २ (एफ) प्रमाणे राज्य अधिनियमाने किंवा त्याखाली स्थापन झालेली संस्था ही विद्यापीठच असते. आयोगाचा संबंध पुढे येतो. तो टप्पा ८ मध्ये पाहू.

टप्पा ३: आकडे, जमीन आणि मूळ विद्यापीठ

सर्वाधिक वेळ येथे द्यावा, कारण पुढे वित्त विभाग जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरे याच टप्प्यात तयार होतात.

प्रस्तावित क्षेत्रातील प्रत्येक महाविद्यालयाची यादी करा: अनुदानित की विनाअनुदानित, संलग्नता कायम की तात्पुरती, विद्याशाखा कोणत्या, आणि गेल्या तीन वर्षांत प्रत्येक सत्राला प्रत्यक्ष भरले गेलेले परीक्षा अर्ज किती. प्रवेशसंख्या आणि परीक्षा अर्ज यांत फरक असतो. विद्यापीठाचे उत्पन्न परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क यांवर उभे राहत असल्याने परीक्षा अर्जांचा आकडाच धरावा. मंजूर प्रवेशक्षमतेवर उत्पन्नाचा अंदाज बांधलेला प्रस्ताव वित्त विभागाच्या पहिल्याच शेऱ्यात कोसळतो.

याच आकड्यांची दुसरी बाजू म्हणजे मूळ विद्यापीठाचे तेवढेच उत्पन्न कमी होणार असते. त्यामुळे त्याच्या व्यवस्थापन परिषदेचा अभिप्राय प्रतिकूल आला तर त्यात कट शोधत बसू नये. निवृत्तिवेतनाचा भार, चालू बांधकामे आणि उपकेंद्रातील कर्मचारी यांची जबाबदारी कोणाकडे जाणार, हे आपणच लिहून दिले तर विरोध निम्मा होतो. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ पासून एका जिल्ह्याच्या क्षेत्रावर उभे राहिले. लहान क्षेत्राचे विद्यापीठ चालू शकते एवढे त्यावरून म्हणता येईल. मात्र “सोलापूरला दिले, मग आम्हाला का नाही” हा युक्तिवाद आकड्यांची जागा घेऊ शकत नाही.

खर्च आवर्ती आणि अनावर्ती असा वेगळा मांडा. आवर्ती खर्चात मोठा वाटा पदांचा असतो. पदे किती आणि कोणती, याचा आकृतिबंध प्रस्तावाबरोबर असावा. महसुली खर्च २२०२ सर्वसाधारण शिक्षण या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातील खात्याखाली) आणि इमारतींचा भांडवली खर्च ४२०२ खाली येतो. प्रस्तावात दोन्हींची बेरीज एकाच ओळीत दाखवू नये.

जमिनीबाबत एक रकाना विशेष पाहायला सांगतो. सातबाऱ्यावर वर “सरकार” असे नाव दिसले की मंडळी निश्चिंत होतात आणि “इतर हक्क” हा रकाना वाचतच नाहीत. तिथे जुना भाडेपट्टा, एखाद्या खात्याचे आरक्षण किंवा न्यायालयीन स्थगितीची नोंद असू शकते. वनजमीन असेल, तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते आणि त्याला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.

*सावधान:* जमीन ताब्यात येणे ही कायदा होण्याची अट नाही. अनेक समित्या जमिनीच्या वादातच पाच-सात वर्षे घालवतात. मुख्यालयाचे ठिकाण निश्चित हवे. इमारत भाड्याची चालते.

टप्पा ४: मसुदा

औपचारिक मसुदा विधि व न्याय विभागाच्या हातून जातो. पण प्रशासकीय विभाग त्यांना जो आराखडा देतो त्यात उणीव राहिली, तर ती शेवटपर्यंत टिकते. पुढील कलमे स्वतः लिहून पाहावीत.

*निगमत्व.* विद्यापीठ हा निगम निकाय असेल, त्याला अखंड अधिकारपरंपरा (पदाधिकारी बदलले तरी टिकणारे अस्तित्व) आणि सामाईक मोहोर असेल, त्याला मालमत्ता धारण करता येईल आणि त्याच्या नावाने दावा लावता येईल, हे एका कलमात हवे.

*नाव.* ते आधीच पक्के करून घ्या. नाव कायद्यात किंवा त्याच्या अनुसूचीत असल्याने नंतरच्या प्रत्येक नामविस्तारासाठी पुन्हा कायद्याच्याच वाटेने जावे लागते. जळगावच्या विद्यापीठाच्या बाबतीत २०१८ मध्ये आणि सोलापूरच्या बाबतीत २०१९ मध्ये तसे करावे लागले.

*क्षेत्र.* “अमुक जिल्हा” एवढे लिहून भागत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. अशा विभाजनानंतर नव्या जिल्ह्यातील महाविद्यालय कोणाचे, हा वाद टाळायचा असेल तर जिल्ह्याची सीमा कोणत्या दिनांकाची धरायची ते लिहावे. राज्याबाहेर केंद्रे काढण्याचा अधिकार मसुद्यात घालण्याचा मोह टाळावा. राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीपुरताच चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या प्रा. यशपाल विरुद्ध छत्तीसगड राज्य या निकालात स्पष्ट केले. त्याच निकालात, कोणतीही साधने नसलेली खासगी विद्यापीठे नुसत्या अधिसूचनेने स्थापन करण्याची मुभा देणारी छत्तीसगडच्या २००२ च्या कायद्यातील कलमे ५ आणि ६ रद्दबातल ठरली. सरकारी विद्यापीठाच्या मसुदाकारानेही तो निकाल वाचावा, म्हणजे नोंद ६६ ची मर्यादा नेमकी कुठे आड येते ते कळते.

*अधिकारी आणि प्राधिकरणे.* कुलपती, कुलगुरू, कुलसचिव, अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद. येथे २०१६ च्या अधिनियमाची रचना पुढे ठेवून काम करावे. वेगळे काही हवे असेल तेथेच बदल करावा.

*संक्रमणकालीन तरतुदी.* मसुद्याचे सर्वांत दुर्लक्षित आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण हेच. ते तपासण्याची एक सोपी पद्धत आहे. जूनमध्ये जुन्या विद्यापीठाखाली बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी आणि नवे विद्यापीठ सप्टेंबरच्या अखेरीस स्थापन झाले असे समजावे. तिचा हिवाळी परीक्षेचा अर्ज कोणाकडे जाईल? अभ्यासक्रम कोणाचा? एक विषय राहिला तर पुनर्परीक्षा कोण घेईल? तिसऱ्या वर्षानंतर पदवी प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का असेल? मग याच प्रकारे नोंदणी झालेला पीएच.डी.चा विद्यार्थी, मान्यता मिळालेला शिक्षक, तात्पुरती संलग्नता असलेले महाविद्यालय आणि जुन्या विद्यापीठाविरुद्ध उच्च न्यायालयात चालू असलेली याचिका, अशी एकेक बाब मसुद्यातून चालवून पाहावी. जिथे उत्तर सापडत नाही तिथे कलम कमी आहे.

*अडचणी दूर करण्याचा अधिकार.* अंमलबजावणीत अडचण आल्यास शासनाला आदेशाने ती दूर करता येईल, असे कलम बहुतेक कायद्यांत ठरावीक मुदतीपुरते असते. ते पळवाट म्हणून वापरायचे ठरवून बाकीचा मसुदा ढिला सोडू नये.

*तपासा:* महाराष्ट्रात विधेयकाचा मूळ मजकूर मराठीत असतो आणि संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा इंग्रजीतील अधिकृत पाठ मानला जातो. दोन्ही पाठ कलमागणिक शेजारी ठेवून वाचा. एका पाठात “करील” आणि दुसऱ्यात “करू शकेल” असा फरक राहिला, तर त्याचा निकाल न्यायालयात लागतो.

टप्पा ५: मंत्रिमंडळापर्यंत

वित्त, नियोजन, सामान्य प्रशासन, महसूल आणि विधि व न्याय या विभागांचे अभिप्राय घेऊनच मंत्रिमंडळ टिपणी तयार होते. वित्त विभागाचा प्रतिकूल शेरा आला तर तो टिपणीत दिसतोच. त्यावर प्रशासकीय विभागाचे उत्तरही तिथेच असायला हवे. बाहेरून पाठपुरावा करणाऱ्यांनी “फाइल मंत्रालयात आहे” या उत्तरावर समाधान मानू नये. ती कोणत्या विभागाकडे, कोणत्या दिनांकापासून आणि कोणत्या शेऱ्यासाठी आहे, हे माहिती अधिकारात किंवा आमदारांच्या तारांकित प्रश्नातून लेखी मिळवावे. लक्षवेधी सूचनेवर मिळालेले मंत्र्यांचे आश्वासनही कामकाजात नोंदले जाते आणि आश्वासन समितीपुढे नेता येते.

अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडण्याचा आग्रह अनेक ठिकाणी धरला जातो. ते मांडता येते. मात्र राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल, तर अनुच्छेद २०७(३) प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहाला ते संमत करता येत नाही. विषय चर्चेत आणणे एवढाच त्याचा उपयोग.

टप्पा ६: दोन सभागृहे

छापील विधेयकाच्या शेवटी उद्देश व कारणे यांचे निवेदन, वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन, वित्तीय ज्ञापन आणि राज्यपालांची शिफारस असते. वित्तीय ज्ञापन आधी वाचा. त्यात खर्चाचा आकडा मोघम असेल, तर पुढच्या अर्थसंकल्पातील तरतूदही तशीच असणार.

पुरःस्थापना (विधेयक मांडणे), विचारार्थ प्रस्ताव, खंडशः विचार (कलमागणिक चर्चा) आणि संमती हा क्रम परिचित आहे. दुरुस्त्या सुचवायच्या असतील तर त्या खंडशः विचाराच्या आधी, खंड क्रमांकासह, लेखी द्याव्या लागतात. भाषणात केलेल्या सूचनेने मजकुरातला शब्दही बदलत नाही. विधेयक संयुक्त समितीकडे गेले म्हणजे बुडाले असे मानू नये. संक्रमणकालीन तरतुदी सुधारून घेण्याची तीच खरी जागा आहे.

विद्यापीठाचे विधेयक हे सहसा धन विधेयक (केवळ कर आणि सरकारी निधी यांविषयीचे विधेयक) नसते, त्यामुळे विधान परिषदेची भूमिका नाममात्र नाही. परिषदेने ते नाकारले, तीन महिने रोखले किंवा विधानसभेला अमान्य दुरुस्त्या केल्या, तर अनुच्छेद १९७ प्रमाणे विधानसभा ते पुन्हा संमत करून पाठवू शकते आणि त्यानंतर परिषदेला एकच महिना मिळतो.

*सावधान:* अधिवेशन संस्थगित झाल्याने विधेयक पडत नाही. विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे प्रलंबित असलेले, किंवा तिने संमत केलेले पण परिषदेत अडकलेले विधेयक व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. निवडणुका जवळ असतील तर परिषदेची तारीख आधी पाहा. अध्यादेशाचा पर्याय सुचवला जातो. पण विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत कायदा झाला नाही तर अध्यादेश संपतो, आणि मधल्या काळात घेतलेल्या प्रवेशांचे काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडतो.

टप्पा ७: संमती, राजपत्र आणि नियत दिनांक

अनुच्छेद २०० प्रमाणे राज्यपाल संमती देतात, रोखून ठेवतात, विधेयक फेरविचारासाठी परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवतात. समवर्ती विषयातील एखादी तरतूद केंद्रीय कायद्याशी विसंगत असेल, तर अनुच्छेद २५४(२) मुळे राष्ट्रपतींची संमती आवश्यक ठरते. मसुद्याच्या वेळीच ही विसंगती काढून टाकली तर हा फेरा वाचतो.

राजपत्रात अधिनियम प्रसिद्ध झाला म्हणून विद्यापीठ सुरू झाले असे नसते. कलम १ पुन्हा वाचा. “शासन अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास” असे शब्द असतील, तर ती दुसरी अधिसूचना निघेपर्यंत कायदा कागदावर राहतो. पाठपुरावा सर्वांत जास्त याच ठिकाणी सुटतो, कारण हार-तुरे तोवर होऊन गेलेले असतात.

नियत दिनांक निवडताना दिनविशेष पाहण्याची आपल्याकडे आवड आहे. जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० चे, नांदेडचे १७ सप्टेंबर १९९४ चे, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे. दिवस मोठे आहेत, पण ते सत्राच्या मध्ये येतात. गोव्यात विद्यापीठाचा कायदा १९८४ चा आणि विद्यापीठाचे काम १ जून १९८५ पासूनचे. शैक्षणिक वर्षाच्या तोंडावरची तारीख सर्वांनाच सोयीची. समारंभ हव्या त्या दिवशी करावा, नियत दिनांक मात्र परीक्षा विभागाला विचारून ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

टप्पा ८: पहिले कुलगुरू, पहिली पदे, पहिली परीक्षा

पहिल्या कुलगुरूंची नेमणूक कशी होईल हे बहुतेक कायद्यांत वेगळ्या कलमात असते, कारण शोध समितीवर प्रतिनिधी पाठवणारी प्राधिकरणे तेव्हा अस्तित्वातच नसतात. मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात झाली, अधिनियम त्याच वर्षाचा आहे आणि पहिले कुलगुरू २०२४ मध्ये नेमले गेले. एवढे अंतर धरूनच नियोजन करावे. नंतरच्या नियमित नेमणुकीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांना बगल देता येत नाही. राज्याच्या कायद्याप्रमाणे एकच नाव सुचवून झालेली केरळच्या ए.पी.जे. अब्दुल कलाम तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये याच कारणावरून रद्द केली.

कुलगुरूंच्या पाठोपाठ कुलसचिव, परीक्षा विभागाचे संचालक आणि वित्त व लेखा अधिकारी ही तीन पदे भरली जातात की नाही यावर लक्ष ठेवा. पहिल्या वर्षाचा निधी मूळ अर्थसंकल्पात नसेल तर पुरवणी मागण्यांत यायला हवा. त्याची तारीख चुकली की विद्यापीठ पुढचे सहा महिने मूळ विद्यापीठाच्या उसन्या कर्मचाऱ्यांवर चालते.

आयोगाकडे आता जायचे. कलम २ (एफ) खालील यादीत नाव येण्यासाठी अधिनियम, राजपत्र आणि नियत दिनांकाची अधिसूचना या तिन्हींच्या प्रती पाठवाव्यात. केंद्राचे अनुदान त्याने मिळत नाही. त्यासाठी कलम १२ (बी) खाली वेगळी पात्रता सिद्ध करावी लागते आणि तीत इमारत, शिक्षक व सुविधा प्रत्यक्ष पाहिल्या जातात. पदव्यांची नावे आयोगाने कलम २२ खाली विनिर्दिष्ट केलेल्यांपैकीच असावीत. आकर्षक वाटणारे स्वतःचे नाव पदवीला दिले, तर त्याचा त्रास पुढे नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याला होतो. अभियांत्रिकी, विधी, औषधनिर्माण आणि शिक्षणशास्त्र यांच्या परिषदांची मान्यता स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

*तपासा:* पहिल्या परीक्षेचे वेळापत्रक जाहीर होण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाला एक परिपत्रक गेलेले असावे. त्यात कोणत्या वर्षाच्या, कोणत्या अभ्यासक्रमाच्या आणि कोणत्या तुकडीच्या विद्यार्थ्यांची परीक्षा जुने विद्यापीठ घेईल आणि कोणाची नवे, हे कायद्यातील कलमाचा क्रमांक देऊन लिहिलेले असावे. परीक्षा अर्जाच्या संगणकीय नमुन्यावर विद्यापीठाचे नाव आणि कायम नोंदणी क्रमांकाची नवी मालिका बदलली आहे का, ते एक अर्ज स्वतः भरून पाहावे.